उस्मानाबादी शेळीचा डीएनए वाचताना

उस्मानाबादी शेळी बहुधा काळीभोर असते आणि एका वेताला दोन करडे देणे तिच्यात नेहमीचे आहे. पण सगळ्याच शेळ्या जुळी देत नाहीत. हा फरक चाऱ्यापाण्याचा किती आणि आईबापाकडून आलेला किती, हे डीएनए वाचून तपासता येते. उमरगा तालुक्यातले मुरुम हे गाव या जातीच्या मूळ प्रदेशात येते. शेळ्या तिथे दावणीलाच आहेत. पण डीएनएचा क्रम वाचणारी मोठी यंत्रे कोट्यवधी रुपयांची असतात आणि ती हैदराबादच्या सीसीएमबी, पुण्याच्या एनसीसीएस, बंगळूरच्या सी-कॅम्प अशा संस्थांत आहेत. बाहेरच्या संशोधकांना कोणते उपकरण कुठे मिळेल, हे जानेवारी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘आय-स्टेम’ व्यवस्थेवर शोधता येते.

जनावरे एकीकडे आणि प्रयोगशाळा दुसरीकडे, अशी भागीदारी महाराष्ट्रात फळाला आलेली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा संकर दख्खनी मेंढीशी केला. गरोळ मेंढी अंगाने लहान, पण तिला जुळी-तिळी होतात. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. जास्त कोकरांचे कारण असलेला ‘फेकबी’ हा बदल 2001 मध्ये उलगडला. एका जनुकात ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘जी’ आले होते, एवढाच तो फरक. नर मेंढ्याकडे पाहून त्याच्यात हा बदल आहे की नाही, हे ओळखता येत नाही. ती ओळख पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डीएनए चाचणीने पटवली. कळप फलटणला, चाचणी पुण्याला, आणि त्यातून पुढे ‘नारी सुवर्णा’ हा वाण उभा राहिला. मेंढीतले उत्तर शेळीला तसेच लागू पडेल, असे मात्र धरून चालता येत नाही. शेळीचे उत्तर शेळीतच शोधावे लागते.

त्यासाठी पहिले काम कागदावरचे. प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे, कारण पद्धत आणि खर्च त्यावरच ठरतात. एखाद्या जनुकाचा तुकडा तपासायचा असेल, तर सँगर पद्धत पुरते. ती एका वेळी सातशे-आठशे अक्षरे वाचते. सगळा जनुकसंच हवा असेल, तर हिशेब पालटतो. शेळीचा जनुकसंच सुमारे 290 कोटी अक्षरांचा आहे. प्रत्येक अक्षर सरासरी 30 वेळा वाचायचे ठरवले आणि यंत्र एका तुकड्यात 150 अक्षरे वाचत असेल, तर एका शेळीमागे सुमारे 58 कोटी तुकडे होतात. ते साठवायला आणि जुळवायला संगणक कोणाचा, हे आधीच ठरलेले बरे. अनेक प्रकल्प नेमके इथे अडतात.

नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेशी बोलणे भाग आहे. रक्त किती हवे, कोणत्या नळीत, किती दिवसांत, हे तीच सांगते. साधारणपणे जांभळ्या बुचाची, ईडीटीए असलेली नळी वापरतात. हिरव्या बुचाच्या नळीतले हेपरिन पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवण्याच्या क्रियेत, अडथळा आणते, म्हणून ती टाळतात. पशुवैद्यकाने मानेच्या शिरेतून रक्त काढले की नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची, हिसडायची नाही. शेळीच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते. डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून, आणि गुठळी झाली की त्या तीत अडकतात. क्रमांक नळीच्या अंगावर लिहावा, बुचावर नव्हे. बुचे अदलाबदल होतात. तोच क्रमांक वहीत, सोबत गाव, वय, वेतांची संख्या, दर वेतातली करडे. आई आणि तिचीच पाट घेतली, तर दोन नमुन्यांत बरीचशी एकच माहिती येते. म्हणून जातीचे वैविध्य पाहायचे असेल तेव्हा वेगवेगळ्या गावांतली, नात्यात नसलेली जनावरे निवडतात. मग बर्फपेटी आणि प्रवास. पुणे-हैदराबाद महामार्ग उमरग्यावरून जातो, त्यामुळे मुरुमहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडते.

प्रयोगशाळेत आधी डीएनएची प्रत आणि मात्रा तपासतात. तो तुटलेला निघाला, तर नमुना परत मागवतात. पुढचे काम तंत्रज्ञांचे.

करार लेखी हवा. नमुना नापास झाला तर फेरतपासणीचा खर्च कोणाचा, माहिती कोणाच्या मालकीची, शोधनिबंधात गावच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचे नाव येणार का, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे. शेळीमालकाची संमती घ्यावी, स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवावे. परदेशी भागीदार असेल, तर जैविक विविधता कायदा 2002 नुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते.

मिळालेला क्रम ठेवायला आता देशातच जागा आहे: फरिदाबादचे भारतीय जैविक माहिती केंद्र, नोव्हेंबर 2022 पासून. तिथे नोंद करावीच. पण ज्याच्या दावणीतून रक्त घेतले, त्या शेळीपालकालाही निकाल त्याच्या भाषेत, एका कागदावर कळवावा. पुढच्या वर्षी बोकड निवडायचा आहे तो त्यालाच.