धावणाऱ्याच्या अंगावरचा फोन

धावायला जाताना मोबाइल फोन बरोबर घ्यावा की घरी ठेवावा, हा प्रश्न आता बहुतेकांपुरता निकालात निघाला आहे. अंतर आणि वेग मोजणारे ॲप, कानातली गाणी, परतीच्या रिक्षाचे किंवा चहाचे यूपीआयने द्यायचे पैसे आणि वाटेत काही झालेच तर घरच्यांना करायचा फोन, ही सगळी कामे एकाच वस्तूकडे आल्यामुळे ती मागे ठेवून निघणे अवघड झाले आहे. उरतो तो प्रश्न फोन अंगावर ठेवायचा कुठे हा, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर दुकानातील पट्टे-पिशव्या पाहण्याआधी धावण्याच्या क्रियेत काय घडते ते पाहावे लागते.

चालताना एक ना एक पाऊल सदैव जमिनीवर असते, तर धावताना दर दोन पावलांच्या मध्ये दोन्ही पाय हवेत असण्याचा एक अल्पसा काळ येतो. तेवढ्या काळात शरीर आणि त्याबरोबर अंगावरची प्रत्येक वस्तू मोकळी पडत असल्यामुळे खिशातील फोनचा खिशाच्या तळावरचा भार जवळजवळ शून्य होतो. मग पाऊल टेकते, जमीन शरीराला त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोराने वर लोटते आणि त्या क्षणी २०० ग्रॅमचा फोन खिशाला ४०० ते ६०० ग्रॅमच्या वस्तूसारखा ओढू लागतो. मिनिटाला १६० ते १८० पावले पडत असतील, तर तासाभरात हे चक्र सुमारे १०,००० वेळा फिरते. खिसा सैल असला, की फोन आधी अधांतरी राहतो, शरीर वर निघालेले असताना मागाहून खाली येतो आणि मांडीवर किंवा कमरेवर आदळतो. फोनच्या वजनाची तक्रार करणारे धावपटू खरे तर या आदळण्याची तक्रार करत असतात, कारण ६५ किलो वजनाच्या माणसाला २०० ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाच्या एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, साधारण पेलाभर पाण्याइतका भार असतो. म्हणून फोन ठेवण्याच्या कोणत्याही साधनाची पहिली कसोटी अशी, की धावताना फोन शरीराहून वेगळा हलता कामा नये.

दुसरी कसोटी जागेची आहे. हात आणि पाय यांना प्रत्येक पावलागणिक पुढे-मागे झोके घ्यावे लागतात, आणि त्यांच्या टोकाशी जितके वजन जास्त तितके ते झोके सुरू करण्यास आणि थांबवण्यास स्नायूंना अधिक काम पडते. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले तर धावण्यासाठी लागणारा प्राणवायू सुमारे एक टक्क्याने वाढतो, असे प्रयोगांत आढळले आहे. याउलट कमरेचा भाग शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे शरीराचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूजवळ असल्यामुळे तिथला भार झोके घेत नाही आणि सर्वांत स्वस्तात वाहिला जातो.

या दोन कसोट्यांवर सर्वांत आधी नापास होतो तो हातात धरलेला फोन, आणि तरीही सकाळच्या कोणत्याही रस्त्यावर तोच सर्वाधिक दिसतो. धावताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा धड ज्या बाजूला वळू पाहते, तिला डाव्या हाताचा झोका आवर घालतो, अशी ही जोडी चालू असते. एका मुठीत फोन आला, की दोन हातांतील हा समतोल थोडा बिघडतो आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे फोन निसटू नये म्हणून आवळलेल्या बोटांचा ताण मनगटावरून खांद्यापर्यंत आणि मानेपर्यंत चढत जातो. उखडलेल्या फुटपाथवर ठेच लागली तर जमिनीवर टेकायला मोकळा हात हवा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस हातातील वस्तू वाचवायला जातो. हातातच फोन हवा असेल तर निदान तळव्यामागून जाणारा पट्टा वापरावा, म्हणजे बोटे सैल सोडूनही फोन पडत नाही.

दंडाला बांधायच्या पट्ट्याचा इतिहास फोनपेक्षा संगीताशी अधिक जोडलेला आहे. १९७९ साली आलेला सोनीचा वॉकमन सुमारे ३९० ग्रॅमचा असल्यामुळे तो कमरेलाच अडकवावा लागे. २००५ साली ॲपलचा आयपॉड नॅनो ४२ ग्रॅम वजन घेऊन आला, तेव्हा तो दंडाला बांधणे सहज शक्य झाले आणि ती रीत रूढ झाली. २००७ मधील पहिला आयफोन १३५ ग्रॅमचा होता, तोपर्यंतही हे चालून गेले. आजचे मोठे फोन मात्र २०० ग्रॅमच्या पुढे गेले असून त्यांची सुमारे १६ सेंटिमीटर लांबी दंडाची जवळपास निम्मी जागा व्यापते. दंड खांद्याकडून कोपराकडे निमुळता होत जात असल्यामुळे सैल पट्टा घामाबरोबर खाली सरकतो, आणि तो सरकू नये म्हणून आवळला तर हाताला रग लागते, बोटांना मुंग्या येतात. दंडावरच्या फोनला आकाश मोकळे मिळते, त्यामुळे उपग्रहांचे संदेश त्याच्यापर्यंत नीट पोहोचतात, हा त्याचा खरा गुण आहे; पण साधन लहान होते तेव्हाची ही सोय मोठ्या फोनला लागू करणे आता सोडून द्यावे, हेच बरे.

कमरेची जागा महाराष्ट्राला नवी नाही. धोतराच्या किंवा नऊवारीच्या कनवटीला पैसे लावून मैलोगणती चालणाऱ्यांनी किमती वस्तूची जागा केव्हाच हेरून ठेवली होती. आज बाजारात कमरेच्या पट्ट्याचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात: एकात पट्ट्याला झिपवाली पिशवी शिवलेली असते, तर दुसरा प्रकार म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाची सलग नळीच असते, जी पायांतून वर चढवायची आणि तिच्यातील फटीतून फोन आत सरकवायचा. पिशवी फोनपेक्षा मोठी असेल तर फोन आतल्या आत आपटतो, म्हणून नळीचा पट्टा बहुतेकांना अधिक मानवतो, कारण त्याचे कापड फोनला चहूबाजूंनी धरून ठेवते. पट्टा पोटावर न बांधता किंचित खाली, कमरेच्या हाडांवर बसवावा. नितंब रुंद आणि कंबर बारीक असेल तर धावता धावता तो वर चढून अरुंद भागाशी येतो. अशा वेळी तो आधीच तिथे, कमरेच्या सर्वांत बारीक जागी बांधणे सोयीचे ठरते. घरातून निघण्यापूर्वी फोन आत ठेवून जागच्या जागी दहा-बारा उड्या माराव्यात. फोनचा ठोका अंगाला जाणवला तर पट्टा सैल आहे असे समजावे. लांब पल्ल्याला शिवण घासून कातडी सोलवटते, त्यावर आधीच लावलेली पेट्रोलियम जेली उपयोगी पडते.

कपड्यांतील खिशांपैकी सैल चड्डीचा बाजूचा खिसा सर्वांत वाईट आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंगच्या मांडीवरचा खिसा बराच चांगला, कारण जागा जवळपास तीच असली तरी दुसऱ्यात कापड फोनला मांडीशी दाबून धरते. स्त्रियांच्या कपड्यांना असे खिसे देण्याचे उत्पादकांनी फार काळ टाळले, आणि त्यामुळे अनेकींनी फोन स्पोर्ट्स ब्राच्या पुढच्या बाजूला खोचण्याचा मार्ग पत्करला, जिथे तो घामाने भिजतो आणि कातडीला बोचतो. आता पाठीच्या फऱ्यांच्या मध्ये खिसा असलेल्या ब्रा मिळतात, त्या अधिक सुखाच्या आहेत. कुर्ता घालून धावणाऱ्या स्त्रियांना त्याखाली नळीचा पट्टा उत्तम बसतो, आणि बाहेरून दिसत नाही हा त्याचा आणखी एक फायदा. पाठीवर-छातीवर बसणारी, पाण्याच्या बाटल्यांसह येणारी जाकिटे डोंगरात किंवा तीन-चार तासांच्या धावेसाठी ठीक आहेत. केवळ फोनसाठी ती घेण्याचे कारण नाही.

जागा ठरली, तरी घाम आणि पाऊस यांचा विचार वेगळा करावा लागतो. अनेक फोनच्या खोक्यावर आयपी ६८ असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. मात्र ही चाचणी नव्या फोनची आणि गोड्या, स्थिर पाण्यात झालेली असते, तर घाम खारट असतो आणि सांधे बंद ठेवणारे रबर कालांतराने झिजते. चार्जिंगच्या छिद्रात खारा ओलावा असताना वीज जोडली, की तेथील धातूची टोके गंजू लागतात, म्हणून धावून आल्यावर फोन लगेच चार्जिंगला लावू नये, आधी पुसून कोरडा होऊ द्यावा. ओल्या पडद्यावर बोट नीट उमटत नाही, कारण पडदा स्पर्श ओळखतो तो विजेच्या सूक्ष्म बदलावरून आणि घामाचे थेंबही तसाच बदल घडवतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर झिपच्या साध्या प्लास्टिक पिशवीत फोन घालून मग तो पट्ट्यात ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. विदर्भातील उन्हाळ्याची अडचण निराळी: अनेक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात उन्हे वर आल्यावर दंडावरच्या काळ्या पिशवीत ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

सिमकार्डाविना ई-सिमवर चालणारी घड्याळे आता फोन करू शकतात आणि अंतरही मोजतात, त्यामुळे काही धावपटू फोन घरी ठेवू लागले आहेत; परंतु साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या डोंगराळ वाटेवर, जिथे नेटवर्क येते-जाते, तिथे मोठी बॅटरी असलेला फोनच अधिक विश्वासाचा. तो अंगावर असण्याचा सर्वांत मोठा उपयोग मालक बेशुद्ध पडल्यावर होऊ शकतो, आणि त्याची तयारी मात्र आधीच करावी लागते: रक्तगट, औषधांची ॲलर्जी, चालू आजार आणि घरच्यांचा क्रमांक फोनमधील आपत्कालीन माहितीत भरून ठेवला, तर फोन कुलूपबंद असतानाही ती कोणालाही पडद्यावर उघडता येते, आणि तिथूनच ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांकही लावता येतो. रस्त्यावर मदतीला धावून आलेला अनोळखी माणूस पडलेल्याला उलटेपालटे करून फोन शोधत बसणार नाही, शिवाय पाठीवर पडल्यास मणक्याखाली कठीण वस्तू येऊ नये. या दोन्ही कारणांसाठी कमरेच्या पट्ट्यातील फोन मागे न ठेवता पुढे, बेंबीच्या किंचित खाली ठेवावा.