'हिज' की 'हर'? आधी मालक पाहा

'सीमाने आपल्या भावाला फोन केला.' हे साधं वाक्य इंग्रजीत करायला सांगितलं, की बरीच मुलं 'सीमा कॉल्ड हिज ब्रदर' असं लिहितात. भाऊ पुरुष, म्हणून 'हिज'. शिक्षक चूक दुरुस्त करतात, पण ती का होते हे सहसा सांगत नाहीत. खरं तर ती मराठीच्याच वळणाने होते.

मराठीत स्वामित्व दाखवणारा शब्द वस्तूकडे पाहून बदलतो. माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर. 'त्याची', 'तिचा' अशा शब्दांत मालकाचं लिंगही कळतं, पण 'आपला' म्हटलं की ते पुसलं जातं आणि उरतं फक्त वस्तूचं लिंग. इंग्रजीला मात्र वस्तूच्या लिंगाशी काही देणंघेणं नाही. मालक पुरुष असेल तर भाऊ, बहीण, घर सगळ्यांना 'हिज', स्त्री असेल तर 'हर'. म्हणून सीमाचा भाऊ 'हर ब्रदर'च.

हा 'आपला' इंग्रजीकडे नाही, आणि त्याची उणीव तिला भासते. 'रमेशने सुरेशला आपल्या गाडीतून घरी सोडलं' यात गाडी रमेशची, याबद्दल कुणाला शंका येत नाही. इंग्रजीत 'इन हिज कार' म्हटलं की गाडी दोघांपैकी कोणाचीही असू शकते. अशा वेळी सरळ नाव घालावं. आणखी एक फरक. 'मी हात धुतले' यात हात कोणाचे हे मराठीत सांगावं लागत नाही. इंग्रजीत 'माय हँड्स' असं म्हणावंच लागतं.

'माय' आणि 'माइन' यांचा घोळ वेगळा आहे. मराठीत 'हे माझं पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझं' दोन्हीकडे शब्द एकच. इंग्रजीत नाम पाठोपाठ आलं तर 'माय', शब्द एकटा उभा राहिला तर 'माइन'. मुळात हे दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत 'मीन' हा एकच शब्द होता. पुढे व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दाआधी त्यातला 'न' गळाला, स्वराआधी टिकला. म्हणून शेक्सपिअरच्या काळात डोळ्यांना 'माइन आइज' असंही म्हणत. आज ती विभागणी उच्चारावर नव्हे, वाक्यातल्या जागेवर ठरते. 'हर-हर्स', 'युअर-युअर्स', 'अवर-अवर्स', 'देअर-देअर्स' या जोड्यांचा नियमही हाच; 'हिज' तेवढा दोन्हीकडे तसाच राहतो. मित्राची ओळख करून देतानाही 'ए फ्रेंड ऑफ माइन' म्हणायचं, 'ऑफ मी' नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात 'इट्स'मध्ये, आणि त्या खुद्द इंग्रजांच्याही होतात. हा शब्द वयाने लहान आहे. पूर्वी निर्जीव वस्तूंसाठीही 'हिज'च चालायचं. 'इट्स' सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापील पुस्तकांत दिसू लागला. 1611 साली इंग्लंडचा राजा जेम्स याच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या भाषांतराच्या पहिल्या आवृत्तीत तो नाही. सुरुवातीला पुष्कळ लोक त्यात एस या अक्षराआधी वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, घालत. पुढे तो गेला. आता अपॉस्ट्रॉफी असेल तर अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज', नसेल तर 'त्याचं'. शंका आली की त्या जागी 'इट इज' आणि 'इट हॅज' म्हणून पाहावं. दोन्ही बसत नसतील तर अपॉस्ट्रॉफी नको. 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' यांनाही ती कधीच लागत नाही. पत्राखाली 'युअर्स सिन्सिअरली' लिहिताना हे विशेष लक्षात ठेवावं.

राहिला 'देअर'. 'कोणीतरी आपली छत्री विसरलं' हे इंग्रजीत कसं सांगायचं? विसरणारा पुरुष की बाई, ठाऊक नाही. 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला' हे आजचं सहज इंग्रजी आहे. एका माणसासाठी अनेकवचनी 'देअर' वापरण्याची ही रीत चौदाव्या शतकापासून चालत आली आहे. तिला व्याकरणकारांचा विरोध सुरू झाला तो बराच नंतर, अठराव्या शतकात. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने 2019 साली 'दे' हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तोही एकवचनी वापरामुळे. शाळेच्या उत्तरपत्रिकेत अशा वाक्यावर लाल रेघ ओढायला आता काही आधार उरलेला नाही.