सोलापूरचा पाऊस आणि समुद्राचें माप

सोलापुरांतील सात रस्त्यावर उभें राहून चोहोंकडे पाहिलें, तर समुद्राची आठवण व्हावी असें कांहींच दिसत नाहीं. अरबी समुद्र येथून सुमारें तीनशें किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्री आडवा. तथापि आमच्या घरच्या हंड्यांतील पाण्याचा हिशेब आधीं समुद्रांतच ठरतो, हें सुशिक्षित कुटुंबांतहि पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

सूर्य समुद्राचें पाणी शोषून मेघरूपानें परत देतो, हें आपले पूर्वज जाणत होते. आधुनिक शास्त्रानें त्यांत भर घातली ती मापाची. कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें जी अधिक उष्णता वातावरणांत कोंडली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानें पोटांत घेतला आहे. हा उपकार फुकटचा नव्हे. तापलेला समुद्र पावसाची वेळ आणि रीत दोन्ही बदलतो.

१९९९ सालीं साजी, गोस्वामी, विनयचंद्रन् व यामागाता या शास्त्रज्ञांनीं हिंदी महासागरांतील एक दोलन जगापुढें मांडलें. आफ्रिकेकडील पाणी नेहमीपेक्षां उष्ण व सुमात्रेकडील थंड झालें, कीं आपल्या पावसाळ्यास बहुधा हातभार लागतो. २०१९ मध्यें हें दोलन प्रबळ होतें. जून कोरडा जाऊनहि देशाचा पाऊस सरासरीहून सुमारें दहा टक्के अधिक भरला. यांतील डॉ. गोस्वामी पुढें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

समुद्राचें हें मन ओळखावयाचें कसें? त्यासाठीं ‘आर्गो’ नांवाचीं सुमारें चार हजार यंत्रें जगभरच्या समुद्रांत सोडलेलीं आहेत. तीं हजार मीटर खोलीवर वाहत असतात. दर दहा दिवसांनीं दोन हजार मीटरपर्यंत उतरून वर येतांना उष्णता व क्षारता मोजतात, आणि तो वृत्तांत उपग्रहाकडे धाडतात. पोटांतील तेल बाहेरच्या पिशवींत ढकललें कीं यंत्र फुगून वर येतें, एवढीच ती युक्ति! आपल्याकडे हें काम हैदराबादचें महासागर माहिती सेवा केंद्र पाहतें.

याची किंमत आम्हां सोलापूरकरांनीं दोन्ही बाजूंनीं मोजली आहे. ऑक्टोबर २०२० मध्यें बंगालच्या उपसागरांतील वादळी केंद्र काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून थेट आमच्यापर्यंत आलें, आणि भीमेच्या पुरानें पंढरपुरास वेढलें. उलट २०२३ मध्यें प्रशांत महासागर तापला, पावसानें ओढ दिली, उजनी भरलें नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले. अगोदर मिळालेली सूचना शेतकऱ्याचें बियाणें व गृहिणीचें पाणी वांचविते. अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हें खरें. पण मापाशिवाय अंदाजहि नाहीं.

गुढीपाडव्यास संवत्सरफल ऐकण्याची आपली रीत आहे. एप्रिलांत हवामान खात्याचा पहिला अंदाज प्रसिद्ध होतो. तोहि घरांतील मुलामुलींकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, असें आम्ही सुचवितों.