गुडघा बदलायचा? आधी प्रश्न विचारा, मग व्यायामाला लागा

आपल्या वस्तीतील कोणत्याही चाळीच्या जिन्यापाशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. कठड्याला धरून एकेक पायरी मोजत चढणारी एखादी आई, मावशी किंवा आत्या दिसल्याशिवाय राहत नाही. कुणी आयुष्यभर रस्ते झाडले, कुणी डोक्यावरून विटा वाहिल्या, कुणी चार घरची धुणीभांडी उकिडवे बसून केली. साठी उलटली की गुडघे बोलू लागतात. "वय झालं, आता असंच चालायचं," असे म्हणून ती माउली बाम चोळते, औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणते आणि दिवस ढकलते.

आमच्या आईचेही असेच झाले. ३१ वर्षे तिने झाडूखात्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांत तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले. दुसऱ्या मजल्यावरून खाली येणे बंद झाले. रात्री कूस बदलली तरी कळ यायची. दुकानातल्या गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्याने पोटात जळजळ सुरू झाली. अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता सतत घेतल्यास मूत्रपिंडालाही इजा होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. शेवटी २०२२ साली तिचा उजवा गुडघा बदलला. त्या काळात आमच्या हातून काही गोष्टी बरोबर झाल्या, एक मोठी चूकही झाली. इतर कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही सांगत आहे.

गुडघा बदलणे म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते, अख्खा गुडघा काढून लोखंडी गुडघा बसवतात. तसे नसते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे एकमेकांना भेटतात, तिथे गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. शस्त्रक्रियेत हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात आणि मध्ये टिकाऊ प्लॅस्टिकची चकती ठेवतात. किडलेल्या दाताला टोपी बसवावी, तसाच हा प्रकार. आजच्या पद्धतीचा कृत्रिम सांधा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. म्हणजे हा काही कालपरवाचा प्रयोग नव्हे. मोठ्या पाहणीत असे दिसले आहे की शंभरांपैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्या पाच जणांमागे साधारण एक जण पुरता समाधानी नसतो. म्हणून नुसता एक्स-रे खराब आहे एवढ्यावर घाई करू नये. वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, काठी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध हे सर्व काही महिने मनापासून करून पाहावे. एवढे करूनही रात्री झोप लागत नसेल आणि घरातल्या घरात चालणे कठीण झाले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

सर्जन कसा निवडावा?

आम्ही प्रथम एका खासगी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी एक्स-रे दोन मिनिटे उजेडात धरला आणि सांगितले, "दोन्ही गुडघे एकदम बदलू. सोमवारी भरती व्हा. आज वीस हजार भरून ठेवा." मी विचारले, "दोन्ही एकदम कशाला?" उत्तर आले, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी कारकून माणूस. कचेरीत शंभर रुपयांच्या व्हाउचरवर सही करतानाही दोन प्रश्न विचारतो. मग आईच्या पायाबद्दल का विचारू नये? आम्ही पैसे न भरता बाहेर पडलो.

नंतर एका धर्मादाय रुग्णालयात दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आईला चालायला लावले, गुडघा हाताने वाकवून पाहिला, घर कितव्या मजल्यावर आहे, संडास कसा आहे, घरी कोण असते, हे विचारले. साखर तपासली, ती वाढलेली निघाली. तोंडात एक दात किडून पू झालेला होता. ते म्हणाले, "आधी साखर आटोक्यात आणा, दात काढा, मिसरी बंद करा. दोन महिन्यांनी या." आम्ही चिडलो. नंतर समजले की शरीरात कुठेही पू असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर नव्या सांध्यात जंतू शिरण्याचा धोका वाढतो. आणि तंबाखूने जखम उशिरा भरते. घाई न करणारा सर्जन हाच आपल्या फायद्याचा होता.

त्या अनुभवावरून पुढील प्रश्न प्रत्येकाने कागदावर लिहून न्यावेत.

१. आपण वर्षाला किती गुडघे बदलता? ज्याचा हात या कामावर नेहमी चालतो, त्याच्याकडे गुंतागुंत कमी होते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

२. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार की आपले सहकारी?

३. जंतुसंसर्ग किती जणांना होतो आणि झाल्यास आपण काय करता? "आमच्याकडे कधीच होत नाही," असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे. चांगल्या ठिकाणीही शंभरात एक-दोघांना तो होतो.

४. दोन्ही गुडघे एकदम की एकेक? प्रकृती ठणठणीत असलेल्या काही रुग्णांचे दोन्ही एकदम करतात. परंतु वय जास्त, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर धोका वाढतो. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना डॉ. चित्तरंजन राणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला होता. देशाच्या पंतप्रधानाला आठ महिने थांबता येते, तर आपल्या आईला का येऊ नये?

५. व्यायाम कोण शिकवणार? घरी गेल्यावर अडचण आली तर कोणाला भेटायचे?

यंत्रमानवाने म्हणजे रोबोने शस्त्रक्रिया होते, अशा मोठ्या जाहिराती हल्ली दिसतात. रोबो हे एक साधन आहे. त्यामुळे रुग्ण अधिक वर्षे चांगला चालतो, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी कर्ज काढू नये. आणि एका डॉक्टरांचे मत ऐकून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात कसलाही अपमान नाही. एक्स-रे आपल्या मालकीचा आहे, तो मागून घ्यावा.

पैशाचा हिशेब

१६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्याआधी सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीला लावला जात असे. त्या दिवशी त्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. पुढे या किमतींत थोडेफार बदल झाले आहेत. बिलात सांध्याची किंमत, कंपनीचे नाव आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागावा. तो कागद जपून ठेवावा, कारण पुढे कधी सांधा पुन्हा बदलावा लागला तर तोच उपयोगी पडतो. सांध्याची किंमत कमी झाली म्हणून खोलीभाडे, भूल, औषधे यांचे आकडे फुगवलेले नाहीत ना, हेही पाहावे. भरती होण्यापूर्वी एकूण खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

खासगी रुग्णालयाखेरीज आपल्यापुढे इतर मार्ग आहेत. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया योजनेतून आपल्या भागात कोणत्या रुग्णालयात होते, हे तेथील आरोग्यमित्राला भेटून विचारावे. कारखान्यातील विमाधारक कामगारांसाठी कामगार विमा योजनेची रुग्णालये आहेत. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवा अधिकाऱ्याकडे जावे. हे उपकार नव्हेत, हा हक्क आहे. आमच्या आईला याच सवलतीचा लाभ मिळाला.

घराची तयारी

शस्त्रक्रियेपूर्वीच घर तयार ठेवावे. हाताचे टेकू असलेली उंच, घट्ट खुर्ची हवी. खाली बसून उठणे महिनोन् महिने जमत नाही, म्हणून पलंग हवा; तो नसेल तर शेजाऱ्यांकडून मागून आणावा. चाळीत सार्वजनिक संडास भारतीय पद्धतीचा असतो. आम्ही बाजारातून भांडे बसवलेली कमोडची खुर्ची आणली. वाटेतले पायपुसणे, वायर, पोरांचे दप्तर उचलून ठेवावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जिन्याचा नियम पाठ करावा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय.

आमची चूक

शस्त्रक्रिया साधारण दीड तासात आटोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला वॉकर धरून उभे केले. पाचव्या दिवशी घरी आणले. आणि इथून आमच्या प्रेमाने घोटाळा केला. बहिणीने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. सुनेने "आई, तुम्ही उठू नका" म्हणत हातात ताट दिले. भेटायला येणारा प्रत्येक जण "आता आराम कर, खूप कष्ट केलेस" असे बजावून गेला. पाय दुखतो म्हणून व्यायाम टळू लागला.

अठराव्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने पाय मोजला. गुडघा जेमतेम ५५ अंश वाकत होता आणि पूर्ण सरळ होत नव्हता. ती म्हणाली, "उशी कोणी ठेवली?" सगळे गप्प. तिने समजावले की गुडघ्याखाली उशी ठेवली की पाय वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि मग जन्मभर लंगडावे लागते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होतो. वेळेत वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना तो हाताने वाकवावा लागतो. मग आईकडे वळून ती म्हणाली, "आजी, डॉक्टरांचं काम झालं. आता राहिलेलं काम फक्त तुम्हीच करू शकता."

आई त्या रात्री रडली. पण सकाळी सहाला स्वतःच वॉकर ओढून उठली. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने व्यायाम, दिवसातून तीनदा. पावले घोट्यातून वरखाली हलवणे, कारण त्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणे. टाच गादीवरून आपल्याकडे ओढत गुडघा वाकवणे. पाय सरळ ठेवून उचलणे. नंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. सहा आठवड्यांनी गुडघा ९५ अंश वाकला आणि वॉकर जाऊन काठी आली. तीन महिन्यांनी ११० अंश, आणि ती एकटी जिना उतरून भाजी आणू लागली.

घरच्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टाके दोन आठवड्यांच्या आसपास काढतात. सूज आणि ऊब काही महिने राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, चालताना टकटक असा आवाज येतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. पुरते बरे वाटायला वर्षही लागते. परंतु ताप व थंडी, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, पोटरी दुखून सुजणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मांडी घालून बसणे

मांडी घालणे आणि उकिडवे बसणे यांमुळे नव्या सांध्यावर ताण येतो, म्हणून डॉक्टर ते टाळायला सांगतात. आईला हेच सर्वांत जड गेले. विहारात सर्व जण सतरंजीवर बसलेले असताना आपण खुर्चीवर कसे बसायचे, या संकोचाने तिने दोन पौर्णिमा घरीच काढल्या. शेवटी महिला मंडळाच्या भगिनींनी मागे भिंतीपाशी चार खुर्च्या मांडल्या. आता त्या चारही खुर्च्या भरलेल्या असतात. प्रत्येक विहारात आणि समाजमंदिरात अशी सोय करणे अवघड नाही.

हल्ली वस्तीतल्या बाया एक्स-रे घेऊन आईकडे येतात. ती एक्स-रे बघत नाही, तिला त्यातले कळत नाही. ती एवढेच विचारते, "डॉक्टरला काय काय विचारलंस? आणि घरी व्यायाम कोण करून घेणार?" दोन्हींची उत्तरे मिळाली तरच पुढे जा, असे सांगते.

मायबहिणींनो, तुमच्या गुडघ्यांनी संसार उभे केले आहेत. त्यांचे दुखणे नशीब म्हणून सोसू नका, आणि कोणी घाई केली म्हणून अंगठाही उठवू नका. मुलामुलींनी आईबरोबर दवाखान्यात जावे, प्रश्नांचा कागद खिशात ठेवावा, आणि घरी आल्यावर तिला आयते ताट देण्याऐवजी स्वयंपाकघरापर्यंत सोबत करीत चालवत न्यावे.