विश्लेषण : कॅन्सरच्या उपचारांत ‘नैसर्गिक पेप्टाइड’ किती कामाचे?

कॅन्सरचे निदान झाले की घरात तपासण्यांच्या फायली वाढतात, तसे सल्लेही वाढतात. त्यात आता ‘नैसर्गिक पेप्टाइड’च्या महागड्या पावडरींची भर पडली आहे. त्यांचा खरेच उपयोग होतो का?

पेप्टाइड म्हणजे काय?
अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, तर मोठी साखळी म्हणजे प्रथिन. दूध, सोयाबीन, अंडी, मासे यांतील प्रथिने पचताना किंवा दुधाचे दही होताना पेप्टाइड सुटे होतात. त्यांपैकी शरीराच्या क्रियांवर परिणाम करणाऱ्यांना ‘जैवसक्रिय’ म्हणतात.

त्यापासून औषधे बनली आहेत का?
होय. मातीतील जिवाणूपासून जपानमध्ये १९६०च्या दशकात मिळालेले ब्लिओमायसिन हॉजकिन लिम्फोमा आणि वृषणाच्या कॅन्सरमध्ये वापरले जाते. समुद्री जिवात सापडलेल्या पेप्टाइडवर बेतलेला घटक असलेल्या ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिनला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पण ही औषधे ठरावीक मात्रेत, इंजेक्शनने आणि देखरेखीखाली दिली जातात. त्यांचे दुष्परिणामही असतात.

मग पावडर का चालत नाही?
सोयाबीनमधील ४३ अमिनो आम्लांच्या ‘लुनासिन’ने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखल्याचे दिसले. मात्र काचेच्या बशीतली पेशी आणि रुग्णाचे शरीर यांत फरक आहे. पोटात गेलेले बहुतेक पेप्टाइड पचून सुटी अमिनो आम्ले होतात. अशा पावडरीने कॅन्सर बरा होतो, हे रुग्णांवरील चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

धोका कुठे आहे?
‘जामा ऑन्कॉलॉजी’मध्ये २०१८ साली अमेरिकेतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूरक उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. मुख्य कारण म्हणजे त्यांच्यापैकी अनेकांनी शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा रेडिएशन नाकारले होते.

रुग्णाने काय करावे?
उपचार झेपण्यासाठी ताकद लागते आणि ती पुरेशा आहारातून येते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला ५० ते ७५ ग्रॅम. डाळ, दूध, पनीर, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. जेवण जात नसेल तर आहारतज्ज्ञांना सांगावे. घरात पावडरीचा डबा आलाच असेल, तर तो उघडण्याआधी कॅन्सरतज्ज्ञांना दाखवावा. आणि त्यासाठी केमोची तारीख मात्र चुकवू नये.