जाड पत्रिका आणि टपालाचा काटा

(द्वितीय वर्ष, कला)

लग्नाची तिथी निघाली की घरात पहिली घाई होते ती पत्रिकेची. पहिली पत्रिका कुलदैवताला, मग भावकीला, मग पाहुण्यारावळ्यांना. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागले की त्या कागदाला मान येतो. जेवणावरून होत नाहीत तितके रुसवे आपल्याकडे ‘आम्हांला पत्रिका आली नाही’ यावरून होतात. हल्ली निमंत्रण मोबाईलवरही जाते; पण वडीलधाऱ्यांच्या लेखी तो निरोप, निमंत्रण नव्हे. म्हणून लांबच्यांना पत्रिका टपालाने पाठवावीच लागते. आणि आजची पत्रिका तरी कुठे साधी राहिली आहे? जाड पुठ्ठा, मखमली पाकीट, वर धातूचा गणपती, रेशमी गोंडा आणि आत अक्षतांची पुडी! छापखान्यात ती देखणी दिसते. टपालात तिचे काय होते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

टपालखाते पत्रिकेचे रूप पाहत नाही, वजन पाहते. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या खटपटीने १८४० साली पत्राचे पैसे अंतरावर न घेता वजनावर घेण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या देशात ती १८५४ साली आली. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. दूर दिलेल्या लेकीची खुशाली गरिबाच्या आवाक्यात आली ती या काट्यामुळे. पुढे तोळे गेले, ग्रॅम आले. साध्या पत्राचा दर २०-२० ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढत आला आहे. पायरी एका ग्रॅमने ओलांडली तरी पुढचे तिकीट लागते.

आता थोडा हिशेब करू. कागदाची जाडी छापखान्यात ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, ते. उघडल्यावर २४ सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद होणारी घडीची पत्रिका ३०० जीएसएमच्या कागदावर छापली, तर ती सुमारे १३ ग्रॅम भरते. त्यावर बऱ्यापैकी पाकीट सात ग्रॅमचे. झाले २० ग्रॅम! काटा अगदी उंबरठ्यावर. आता त्यावर गणपती चिकटवा, हळदीच्या कार्यक्रमाची वेगळी चिठ्ठी घाला, आणि पायरी ओलांडलीच म्हणून समजा.

तिकीट कमी लावले तर काय होते? जुन्या माणसांना ‘नॉटपेड’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या काळात कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करीत. तो कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून नवा लागू झाला. पण तिकीट पुरते लावण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याचीच, ही गोष्ट बदलत नाही. ज्याला मानाने बोलवायचे, त्याच्यापुढेच पोस्टमनने हात पसरावा, याहून वाईट निमंत्रण कोणते?

गेल्या वर्षी आमच्या ताईच्या लग्नात पत्ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. व्याही तालेवार, म्हणून आबांच्या मनात गणपतीची पत्रिका भरली होती. छापायला देण्याआधी मी नमुना किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. २६ ग्रॅम भरला. दोनशे पत्रिकांना दुप्पट तिकीट! मी म्हटले, जवळच्यांना हातोहात द्यायची ती गणपतीची करू, टपालाची साधी करू. आबा म्हणाले, “एकाला गणपती न् दुसऱ्याला कोरी, असं भावकीत चालत न्हाई. सगळ्यांस्नी साधीच कर.” तशीच केली.

वजनानंतर प्रश्न येतो आकाराचा. पाकिटे एकावर एक ठेवून सुतळीने गठ्ठा बांधतात. मध्ये फुगलेले पाकीट असले की गठ्ठा घसरतो आणि कोपरे दुमडतात. तिकिटावर शिक्का जोराने पडतो. त्याखाली धातू किंवा मणी असेल तर पाकीट फाटते, शाई उमटत नाही. जिथे यंत्रे पत्रे निवडतात तिथे पाकीट पट्ट्यांमधून वाकत जाते; ताठ पुठ्ठा वाकत नाही आणि गोंडा अडकतो. म्हणून अमेरिकेच्या टपालखात्याने तर आकाराचेही गणित घातले आहे. पाकिटाची लांबी उंचीच्या १.३ ते २.५ पट हवी. त्यामुळे चौकोनी, समभुज पाकिटाला तेथे जादा आकार पडतो, आणि पाव इंचाहून जाड पाकीट पत्र म्हणून स्वीकारलेच जात नाही. तिकडच्या नातेवाइकांना पत्रिका धाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा काय करावे? छपाईआधी एक नमुना पाकीट, चिठ्ठी, अक्षता यांसह पुरा भरून टपाल कचेरीत न्यावा आणि तोलून घ्यावा. दर तिथेच विचारावा, कारण व्यवस्था बदलत असतात. कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहून उघडे पाकीट स्वस्तात धाडण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. पण ऐकीव माहितीवर विसंबू नये. रजिस्टर टपालसुद्धा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. नक्षीची पत्रिका पाठवायचीच असेल तर ती साध्या, मजबूत बाहेरच्या पाकिटात घालावी. तिकिटाचा कोपरा सपाट ठेवावा. अक्षता पसरून ठेवाव्यात, म्हणजे गोळा होत नाही.

आणि पिनकोड न विसरता लिहावा. ही सहा आकडी योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभाग सांगतो. आपला ४, त्यात गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगडही येतात. एकाच नावाची गावे आपल्याकडे कितीतरी. पिनकोड नसेल तर ‘वडगाव’च्या मामाची पत्रिका कोणत्या वडगावी जाईल, हे पोस्टमनने तरी कसे सांगावे?

पत्रिकेचा मान तिच्या पुठ्ठ्यात नाही. ती लग्नाआधी, न फाटता, कुणाकडे पैसे न मागता दारात आली की घरधनी ती देवापुढे ठेवतो आणि म्हणतो, “आठवण ठेवली हो त्यांनी.” ताईच्या लग्नाला मंडप भरला होता. किती पत्रिकांवर गणपती नव्हता, हे कुणी विचारले नाही.