'रोल' या शब्दाचे सोबती

बेंगळुरूत नोकरीच्या मुलाखतीला बसलात की 'रोल' हा शब्द वारंवार कानावर पडेल. मराठीत भूमिका आपण बजावतो किंवा पार पाडतो. इंग्रजीत ती 'प्ले' करतात. याच शहरात १९५० साली मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत, आधी बस कंडक्टर होते. १९७५ साली ते पडद्यावर आले. त्यांच्याबद्दल 'ही वर्क्ड ॲज अ कंडक्टर' असे लिहा. 'ही प्लेड द रोल ऑफ अ कंडक्टर' लिहिलेत, तर वाचणारा कुठल्या सिनेमात ते शोधत बसेल!

एखाद्या कामातला वाटा सांगताना 'ऑफ' नको, 'इन' हवे: 'आय प्लेड अ की रोल इन द प्रोजेक्ट'. त्यातला 'अ' विसरू नका. नवी जबाबदारी स्वीकारली, तर 'टेक ऑन अ न्यू रोल'.

खरी फसगत 'भूमिका घेणे' इथे होते. अन्यायाविरुद्ध तुम्ही भूमिका घेतलीत आणि मुलाखतीत 'आय टुक अ रोल' म्हणालात, तर समोरच्याला वाटेल की तुम्ही एखादे पद स्वीकारलेत. तिथे म्हणायचे, 'आय टुक अ स्टँड'.